देवाने क्षमा केली असेल, पण मला स्वतःला क्षमा करता येत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जमिनीच्या वाटणीवरून वडिलांशी भांडण झालं, दोन वर्षं बोलणं बंद होतं आणि त्यातच ते वारले. प्रार्थना झाली, फादरांकडे कन्फेशनही (पापांची कबुली) झालं, तरी मन खातं.

'स्वतःला क्षमा कर' अशी आज्ञा बायबलमध्ये कुठेच नाही. क्षमा करतो तो देव, नाहीतर ज्याचं आपण वाईट केलं तो माणूस. येशूचा प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 4) म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. तेव्हा जे जमत नाही म्हणून तुम्ही खचलात, ते काम तुमच्याकडे सोपवलेलंच नाही. तुमच्याकडे आहे ते वेगळं: नेमकं कबूल करणं, भरपाई करणं आणि मिळालेली क्षमा घेणं. लोक पहिलं मोघम करतात, दुसरं टाळतात आणि तिसरं का होत नाही म्हणून झुरतात.

एक कागद घ्या, मधोमध रेघ ओढा. डावीकडे जे तुमच्या हातात होतं ते लिहा: कोणते शब्द बोललात, कोणता फोन उचलला नाहीत, कोणी निरोप आणला तेव्हा काय उत्तर दिलंत. उजवीकडे जे हातात नव्हतं ते: आजार, मृत्यूची वेळ, भाऊबंदांनी ओतलेलं तेल. पाप फक्त डावीकडे आहे. उजवीकडे आहे ते दुःख, आणि त्याला शोक करावा लागतो. दोन्ही एकत्र झाली की माणूस दुःखाचीही क्षमा मागत बसतो. तिथे गुन्हाच नसतो, त्यामुळे कितीही मागितलं तरी हलकं वाटत नाही. 'मी नालायक मुलगा आहे' असं मात्र कुठल्याच बाजूला लिहू नका. ती कबुली नव्हे, तो तुम्ही स्वतःवर लावलेला निकाल आहे.

कबुली कोणापुढे देतो याला फार महत्त्व आहे. मत्तय 27 मध्ये येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा याला पस्तावा झाला, निर्दोष माणसाला धरून दिलं असं तो उघड बोलला, चांदीची तीस नाणीही परत केली. पण गेला कोणाकडे? ज्यांनी सौदा केला त्याच याजकांकडे. 'त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ' हे उत्तर घेऊन तो एकटा निघाला आणि त्याने जीव दिला. दुसरा शिष्य पेत्र याने येशूची ओळखच तीनदा नाकारली, तोही ढसाढसा रडला, पण शिष्यांमध्येच राहिला. योहान 21 मध्ये येशू त्याला सरोवराच्या काठी तीनदा विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस का?' आणि दर वेळी मेंढरांचं काम सोपवतो. म्हणून हा कागद घरात एकट्याने उगाळू नका. कॅथलिक असाल तर फादर आहेतच, आणि कन्फेशनमध्ये ऐकलेलं ते कोणालाही सांगू शकत नाहीत. दुसऱ्या मंडळीत असाल तर पाळक किंवा तोंड बंद ठेवणारा एखादा वडीलधारा सभासद शोधा.

आता भरपाई. वडील गेले, मग कोणाला द्यायची? बायबलच्या जुन्या करारात, गणना 5 मध्ये, याची चक्क तरतूद आहे. अपराध कबूल करायचा, मुद्दल परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे 50 हजार असतील तर 60 हजार. ज्याचं नुकसान झालं तो नसेल तर ते जवळच्या नातलगाला, नातलगही नसेल तर याजकामार्फत देवाला. आज हा हिशेब जसाच्या तसा लावायची सक्ती नाही, पण दिशा स्पष्ट आहे: हयात असलेल्यांकडे जा. आईकडे, भावंडांकडे. 'मी बाबांना असं असं बोललो, ते चूक होतं,' एवढंच सांगा. पुढे 'पण' आला की माफीची वकिली होते. त्यांनी लगेच क्षमा करावी असा हट्टही नको. वाटणीत तुमच्याकडे जास्त जमीन आली असेल तर 'घे तुझं' असं तोंडी म्हणून भागत नाही. सहहिस्सेदारांमध्ये हक्कसोडपत्र करता येतं. ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं, मग तलाठ्याकडे फेरफार, तेव्हा सातबारा बदलतो. आधी वकिलाला कागद दाखवा. हे रुक्ष वाटेल, पण माझ्या मते अनेकांचं मन नेमकं इथेच अडलेलं असतं. कॅथलिक घरात वडिलांसाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) अर्पण करता येते. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, तिथे वडिलांबद्दल देवाचे आभार मानावेत.

एवढं झाल्यावर तेच पाप पुन्हा पुन्हा कन्फेशनमध्ये नेऊ नका. पुढे जेझुइट संघ स्थापन करणारे संत इग्नेशियस लोयोला 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसा इथे याच चक्रात अडकले होते. सगळी पापं लिहून कबूल केलेली, तरी काहीतरी राहिलं असं वाटे. 'अगदी स्पष्ट असेल तेवढंच पुन्हा सांग,' असं धर्मगुरूंनी सांगितलं. पण इग्नेशियसना सगळंच स्पष्ट वाटायचं! सवलत तीच पळवाट झाली. जीव देण्याचे विचारही आले. शेवटी जुनी पापं पुन्हा कबूल करायचीच नाहीत असं त्यांनी ठरवलं, तेव्हा सुटका झाली. तुम्हीही अपवाद ठेवू नका. विचार आला की वाद घालू नका. 1 योहान 3:20 चा आशय एकदा मोठ्याने म्हणा: माझं मन मला दोषी ठरवतं, पण देव माझ्या मनाहून मोठा आहे. मग उठून हातातलं काम करा. सुरुवातीला विचार उलट वाढल्यासारखे वाटू शकतात, त्याने घाबरू नका.

कम्युनियन किंवा प्रभुभोजनापासून (चर्चमध्ये येशूच्या स्मरणार्थ घेतात ती भाकर आणि द्राक्षरस) शिक्षा म्हणून दूर राहत असाल तर तेही थांबवा. 1 करिंथ 11:28 मध्ये स्वतःची परीक्षा करून मग खावं असं आहे, परीक्षा करून घरी बसावं असं नाही.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तेच तेच विचार दिवसाचे तास खात असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. पापाची अशी न संपणारी भीती हा ओसीडीचा (तेच विचार पुन्हा पुन्हा छळणाऱ्या मानसिक आजाराचा) एक प्रकारही असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी ठरत नाही. जीव नकोसा वाटत असेल तर कन्फेशनची वाट पाहू नका, घरात कोणाला तरी आत्ता सांगा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो.