इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी गुण, इंटर्नशिप आणि जर्मनीची तयारी यांपैकी कशाला आधी वेळ द्यावा?

आपण कोल्हापूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहात, सुटीचे दोन महिने हाताशी आहेत आणि पदवीनंतर मास्टर्ससाठी जर्मनीला जाण्याचा विचार आहे, असे आपण लिहिले आहे. या दोन महिन्यांत घरी बसून ऑनलाइन इंटर्नशिपचे प्रमाणपत्र मिळवावे, जर्मन शिकायला सुरुवात करावी की जवळच्या एखाद्या कारखान्यात जावे, आणि या सगळ्यात वर्गातल्या गुणांची किंमत नेमकी किती, असा आपला प्रश्न आहे. मी २०१७ ते २०२१ या काळात पुण्यात मेकॅनिकलची पदवी घेतली, दोन वर्षे नोकरी केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीतील केम्निट्झला आलो. आपण कारखान्यात जावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते तसे का झाले, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी प्रमाणपत्राचे. पहिल्या वर्षानंतरच्या सुटीत मीही पैसे भरून चार आठवड्यांचे एक ऑनलाइन प्रशिक्षण घेतले होते. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पाहायचे, प्रत्येक भागानंतर पाच प्रश्नांची चाचणी द्यायची आणि शेवटी एक प्रकल्प अहवाल जमा करायचा, एवढाच तो कार्यक्रम होता. वर्गातील आम्ही सहा जणांनी तो केला आणि सहाही जणांच्या अहवालातील आकडे दशांश चिन्हापुढच्या शेवटच्या अंकापर्यंत सारखे होते, कारण नमुना अहवाल आयोजकांनीच पाठवला होता. त्या प्रमाणपत्राबद्दल आजवर मला एकाही मुलाखतीत कोणी प्रश्न विचारलेला नाही.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, २०१९ च्या उन्हाळ्यात, वडिलांच्या ओळखीने मला भोसरी एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात सहा आठवडे बसायला मिळाले. बसायला हा शब्द चुकीचाच आहे, कारण तिथे बसायला जागाच नव्हती. विद्यावेतन नव्हते, सकाळी सातची शिफ्ट होती, डबा घरचा होता आणि पहिला पूर्ण आठवडा हातात फाइल, म्हणजे कानस, घेऊन जॉबच्या (मशीनवर घडवलेल्या भागाच्या) कडांवरचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार किनार, काढण्यात गेला. मला त्याचा राग येत असे. आता वाटते की तो आठवडा आवश्यक होता, कारण पाच-सहाशे जॉब हातातून गेल्याशिवाय चांगली कड कोणती आणि वाईट कोणती हे बोटांना कळत नाही, आणि कामगारांनाही तोवर आपण टिकणार की पळणार याचा अंदाज आलेला नसतो.

तिसऱ्या आठवड्यात घडलेली गोष्ट सांगतो. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे एक हाउसिंग, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणारे कवच, बनत असे, ज्यात ६२०६ क्रमांकाचे बेअरिंग बसायचे. त्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर असतो, आणि ड्रॉइंगवर बोअरला, म्हणजे बेअरिंग बसायच्या छिद्राला, एच७ टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिलेला होता, म्हणजे बोअर ६२.००० ते ६२.०३० च्या दरम्यान हवा. रात्रीच्या शिफ्टला मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब तिथल्या तिथे बोअर गेजने मोजला गेला होता आणि नोंदवहीत सगळीकडे ६२.०१५ च्या आसपासचे आकडे होते. सकाळी त्याच जॉबमध्ये प्लग गेजची ‘गो’ बाजू, जी योग्य मापाच्या छिद्रात जायलाच हवी, ती शिरेना. ४३ जॉब बाजूला काढले गेले आणि सुपरवायझरने आधी रात्रीच्या ऑपरेटरला आणि मग गेजला दोष दिला.

मी वर्गात शिकलेल्या ज्ञानाच्या बळावर पुढे होऊन सांगितले की जॉब रात्री गरम असणार, धातू गरम झाला की फुगतो, त्यामुळे गरम असताना छिद्र लहान मोजले जायला हवे होते आणि थंड झाल्यावर मोठे. म्हणजे इथे उलटेच झाले आहे. करमाळ्याकडचे एक ज्येष्ठ ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणत, शांतपणे म्हणाले, “अहो, बेअरिंग घट्ट बसत असलं तर आपण हाउसिंग गरम करतो ना? का करतो?” मी गप्प झालो. छिद्राभोवतीचा धातू सर्व बाजूंनी वाढतो तेव्हा छिद्रही त्याच प्रमाणात मोठे होते, हे पुस्तकात होते आणि मी त्यावर गुणही मिळवले होते, परंतु ते मला कळलेले नव्हते.

दुपारच्या सुटीत डब्याशेजारी वही उघडून मी आकडेमोड केली. ॲल्युमिनियम प्रत्येक अंशाला एका मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढते. त्या आठवड्यात कूलंटचा, म्हणजे कापताना जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पंप नीट चालत नव्हता, त्यामुळे उतरलेला जॉब शेडमधील हवेपेक्षा १८ अंशांनी तरी गरम असावा असे काकांचे म्हणणे होते. ६२ मिलिमीटरच्या बोअरसाठी हा फरक सुमारे २६ मायक्रॉन येतो. म्हणजे गरम असताना ६२.०१५ असलेला बोअर थंड झाल्यावर ६१.९८९ वर आला होता, ११ मायक्रॉनने लहान. आकडा जुळला तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. बोअर लहान राहिला तर तो पुन्हा कापता येतो, मोठा झाला तर जॉब भंगारात जातो, त्यामुळे हे नशीब चांगलेच म्हणायचे. ४३ पैकी ४१ जॉब रिवर्क होऊन वाचले. त्या दिवसापासून जॉब उतरल्यावर अर्धा तास रॅकवर ठेवून मगच मोजायचा, असा नियम खडूने मशीनच्या दारावर लिहिला गेला.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी मेट्रोलॉजीचा, म्हणजे मोजमापशास्त्राचा, विषय आला. लांबीची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरायची असतात, हे त्या पुस्तकातले एक वाक्य होते आणि बहुतेकांनी ते दोन गुणांचे उत्तर म्हणून पाठ केले. माझ्या दृष्टीने त्या एका वाक्यात ४३ जॉब होते. गुणांचे म्हणाल तर त्या विषयात माझे गुण वाढले, पण खरा फरक वाचनाच्या पद्धतीत पडला. एखादे सूत्र समोर आले की ते कोणत्या मशीनवर, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या चुकीमुळे आठवले जाईल, असा विचार आपोआप होऊ लागला. शेवटचे वर्ष, २०२०–२१, टाळेबंदीमुळे जवळजवळ सगळे पडद्यावरच झाले. प्रात्यक्षिके व्हिडिओवर दाखवली गेली. त्या वर्षी भोसरीतल्या सहा आठवड्यांच्या शिदोरीवरच मी तग धरला.

याचा अर्थ गुणांकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही, आणि इथे आपल्याशी अगदी सरळ बोलले पाहिजे. जर्मन विद्यापीठे आपले गुण त्यांच्या श्रेणीत बदलून घेतात, जिथे १.० सर्वोत्तम असते आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. त्यासाठी बहुतेक ठिकाणी बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांमधील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. दहापैकी ८.२ सीजीपीए असेल आणि उत्तीर्ण होण्याची पातळी ४ धरली, तर उत्तर १.९ येते, ७ सीजीपीए असेल तर २.५. अनेक अभ्यासक्रमांनी प्रवेशाची मर्यादा २.५ ठेवलेली असते, त्यामुळे सात आणि साडेसहा यांतील फरक कागदावर किरकोळ दिसला तरी प्रत्यक्षात दार उघडे की बंद इतका मोठा असतो. इन-सेमचे (सत्राच्या मधल्या परीक्षेचे) ३० आणि एंड-सेमचे (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ७० हे गणित म्हणूनच सांभाळा आणि एकही विषय राहू देऊ नका.

इथल्या वर्गांविषयी. पहिल्या व्याख्यानाच्या शेवटी सगळे विद्यार्थी एकदम बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करू लागले, तेव्हा मी दचकलो होतो. टाळ्यांऐवजी इथे तशी प्रथा आहे. माझ्या बहुतेक व्याख्यानांना हजेरी घेतली गेली नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी धावपळ केलेल्या मुलाला ते सुरुवातीला स्वर्गासारखे वाटते. सत्रभर कोणी विचारत नाही, सबमिशनच्या सह्या नसतात, जर्नल नसते, आणि मग फेब्रुवारीत एकच लेखी परीक्षा येते, जिच्यावर बहुधा त्या विषयाचे संपूर्ण गुण अवलंबून असतात. परीक्षेसाठी स्वतः पोर्टलवर नाव नोंदवावे लागते आणि प्रयत्नांची संख्या मर्यादित असते. आपल्याकडे विषय राहिला तर पुन्हा पुन्हा बसता येते. इथे अनिवार्य विषयात शेवटचा प्रयत्नही वाया गेला तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो.

पहिल्याच सत्रात मी एका विषयात नापास झालो. दोष संपूर्णपणे माझा होता, कारण मी पुण्यातल्या सवयीने मागच्या वर्षांचे पेपर सोडवून गेलो होतो. निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्यासाठी इथे एक दिवस ठरवून दिला जातो. त्या दिवशी एका खोलीत सहायक प्राध्यापकासमोर बसून मी माझी पाने उलटली. बहुतेक उत्तरे बरोबर होती. परंतु प्रत्येक उदाहरणाच्या सुरुवातीला कोणती गृहीतके धरली, घर्षण का सोडले, तापमान स्थिर का मानले, हे मी लिहिलेच नव्हते, आणि अर्धे गुण नेमके त्यालाच होते. भोसरीच्या काकांनी जवळजवळ पाच वर्षांपूर्वी मला हाच प्रश्न विचारला होता, की का करतो. दुसऱ्या प्रयत्नात मला २.३ मिळाले.

इंटर्नशिप इथे सहज मिळते असा समज करून घेऊ नका. तिसऱ्या सत्रानंतर मी साठांहून अधिक अर्ज पाठवले. नकाराच्या पत्रांत ‘लायडर’, म्हणजे दुर्दैवाने, हा शब्द इतक्यांदा वाचला की पुढचे वाचण्याची गरजच उरली नाही. माझा अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे, पण कारखान्यातील फळ्यावरच्या सूचना, जेवणाच्या सुटीतले बोलणे आणि मुलाखती जर्मनमध्ये होतात. पुण्यात नोकरी करताना मी बोट क्लब रस्त्यावरील मॅक्स म्यूलर भवनात संध्याकाळचे वर्ग करून बी१, म्हणजे जर्मनची मधली, पातळी पूर्ण केली होती. तेवढे जर्मन नसते तर ज्या एका मुलाखतीने मला काम मिळवून दिले तिच्यात मी तोंडही उघडू शकलो नसतो. स्पिंडलचे भाग बनवणाऱ्या त्या लहान कंपनीतील अभियंत्याने माझ्या पदवीविषयी दोनच प्रश्न विचारले. त्याने बोट ठेवले ते माझ्या अर्जातल्या भोसरीच्या ओळीवर. “तुमच्या हातून तिथे नेमके काय झाले?” मी बोअरची गोष्ट सांगितली. मोजमाप कशाने केले, किती जॉब वाचले, अर्धा तासच का, असे त्याने खोदून खोदून विचारले, आणि मला सगळे सांगता आले, कारण त्या सहा आठवड्यांत मी रोज रात्री एक पान लिहीत असे. ती वही मी सोबत आणली आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तयारीला लागा. बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंटमध्ये) वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी भरावी लागते. माझ्या वेळी ती ११,२०८ युरो होती, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण दहा लाख रुपये. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. हे शुल्क नव्हे, ते आपलेच पैसे दरमहा हप्त्याने परत मिळतात, परंतु कर्ज काढणाऱ्या घरात ही गोष्ट आई-वडिलांना आधी नीट समजावून सांगा. माझ्या विद्यापीठात शिक्षण शुल्क नाही, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. आठवड्याला वीस तासांचे काम मिळेल आणि त्यावर सगळे भागेल, अशा हिशेबावर विसंबून येऊ नका. पहिले सत्र तरी अभ्यासालाच द्यावे लागते.

आता आपल्या दोन महिन्यांविषयी. जर्मन भाषा संध्याकाळी शिकता येते, तिच्यासाठी दिवस अडवू नका. आपण कोल्हापूरला आहात ही मोठीच जमेची बाजू आहे, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आणि मशीन शॉप दारात असताना वितळलेल्या धातूपासून फिनिश केलेल्या जॉबपर्यंतची सगळी साखळी एका एमआयडीसीत पाहायला मिळते, जी पाहण्यासाठी मला इथे परवानग्या काढाव्या लागतात. महाविद्यालयाच्या प्रशिक्षण विभागाचे पत्र घ्या. मोठ्या कंपनीच्या गेटवर ताटकळण्यापेक्षा वीस-तीस कामगारांच्या कारखान्यात मालकाला स्वतः भेटा. मला काय देणार, असे न विचारता मी सहा आठवडे रोज येईन, पडेल ते काम करीन, फक्त रिजेक्शन का होते ते मला पाहू द्या, असे सांगा. दोन-तीन जण नाही म्हणतील. होकार मिळाला की पहिल्याच दिवशी स्वतःचे सेफ्टी शूज घेऊन जा, कारण लहान कारखान्यांत शिकाऊ मुलाच्या मापाचे बूट बहुधा नसतात आणि भट्टीजवळ चपलेवर उभे राहणे धोक्याचे आहे. रोजच्या पानावर तारीख, मशीन, जॉब, मोजलेला आकडा आणि त्या दिवशी बिघडलेली एक गोष्ट एवढे लिहा.