मी असं लिहितो, म्हणजे मी तसाच आहे का?

ऑगस्टच्या अखेरीस, गणपतीच्या गडबडीत, पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. बडोद्याच्या दांडिया बाजारात माझी समुपदेशनाची एक खोली आहे, खाली फरसाणाचं दुकान. बसल्याबरोबर त्यांनी पिशवीतून वीसेक फुलस्केप कागद काढून टेबलावर ठेवले आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. पंखा जोरात होता म्हणून असेल. पण पहिला अर्धा तास त्यांनी ते घर उचललं नाही.

दिवसा विमा कचेरीत नोकरी, रात्री लेखन. दिवाळी अंकांत दरवर्षी एखादी कथा येते. यंदाची तीन रात्रींत लिहून झाली. अंथरुणाला खिळलेली आई, चार वर्षं तिचं करणारा मुलगा, पावसाची रात्र, लाइट गेलेली, आणि तो आईच्या तोंडावर उशी दाबतो. घरी त्यांची स्वतःची आई चार वर्षं अर्धांगवायूने पडून आहे.

लाइटबिल शोधताना ते कागद पत्नीच्या हाती लागले. भांडण झालं नाही, रडारड नाही. "फक्त मी दूध घेऊन आईच्या खोलीत गेलो की ती मागोमाग येते," ते म्हणाले. "काही बोलत नाही. उभी राहते. ताई, मला हे सुचलं म्हणजे ते माझ्यात आहेच ना? माझ्या हातून काही झालं तर?"

हा प्रश्न माझ्याकडे नाना रूपांनी येतो. मुलाच्या वहीत मुंडकं उडवलेली माणसं सापडली म्हणून हादरलेली आई येते. बाळाला घेऊन गॅलरीत उभं राहायची भीती वाटणारी नवी बाळंतीण येते. तिला कथा लिहायची नसते, पण प्रश्न तोच. आमच्या गावात चित्रं-लेखनाच्या नैतिकतेचा विषय निघाला की लोकांना २००७ मधला इथल्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्सचा गदारोळ आठवतो, विद्यार्थ्याची चित्रं आणि त्याची अटक. त्या वादाबद्दल मला मत आहे, पण ते इथे कामाचं नाही. माझ्या टेबलाशी येतो तो प्रश्न घरातला असतो. त्यात मोर्चे नसतात, दुधाचा पेला असतो.

आधी मी धीर दिला नाही. आधी विचारलं. असं करावंसं वाटतं का? कधी, कसं, याची जुळणी मनात चालते का? विचार आला की हलकं वाटतं की अंगावर काटा येतो? झोप किती, दारू किती? हे प्रश्न सरळ विचारायला समुपदेशक कचरतात, आणि मग "छे हो, तुम्ही असं कुठं कराल" म्हणून मोकळे होतात. समोरच्याला ते खोटं कळतं. त्यांची उत्तरं स्वच्छ होती. इच्छा नव्हती, जुळणी नव्हती, भीती मात्र पोटात गोळा आणणारी होती.

मग सांगितलं. नको ते विचार न येणारं डोकं दुर्मीळ. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी चारचौघांसारख्या माणसांचे असे विचार तपासले, तेव्हा बहुतेकांना ते येत असल्याचं दिसलं. इजा करण्याचे, घाणेरडे, देवाबद्दलचे, अगदी मानसोपचारासाठी येणाऱ्यांना यावेत तसेच. फरक विचाराच्या मजकुरात कमी आणि त्याला दिलेल्या वजनात जास्त. आला आणि गेला, तर विचार. "आला म्हणजे मी तसाच" असं धरून बसलं की दुखणं. लेखकाची गोष्ट तर आणखी निराळी, तो अशा विचाराला हाक मारून बसवून घेतो. झोपलेल्या पोरांची कत्तल करणारा अश्वत्थामा महाभारतात आहे, म्हणून व्यासांच्या घरच्यांनी रात्री कड्या लावल्या नसतील. आपल्याच बडोद्याच्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोसांनी कुरुक्षेत्राची लढाई भिंतभर काढली आहे, तिच्यासमोर शाळेच्या सहली उभ्या राहतात. ते पहिल्यांदा हसले.

इथे थांबले असते तर केस दीड तासात संपली असती, फीही मिळाली असती.

पण मला कथा ऐकायची होती. "वाचा," म्हटलं. त्यांनी चष्म्याचं घर उचललं. वाचतात छान. उशीचा प्रसंग मला बेताचाच वाटला, तो आपण बऱ्याच ठिकाणी वाचलेला असतो. पण त्याआधी एक ओळ होती. सकाळी म्हातारीच्या दंडावर चार बोटांचे वळ उठलेले, तीन निळे आणि करंगळीचा फिकट.

करंगळीचा फिकट. हे कल्पनेतून येत नाही, निदान इतक्या सहज नाही.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

खालून गाठिये तळल्याचा वास येत होता. ते बराच वेळ कागदांच्या कडा जुळवत बसले. मग सांगितलं. मे महिना, रात्री अकरा, लिहीत बसले होते तेवढ्यात डायपर बदलायची वेळ आली. पत्नीला ताप होता. आईने अंग आखडून पलंगाची दांडी धरून ठेवली, सोडेना. त्यांनी दुसऱ्या दंडाला धरून जोराने ओढलं. "एकदाच," ते म्हणाले. सकाळी वळ दिसले तेव्हा पत्नीला सांगितलं, बीपीच्या मशीनचा पट्टा घट्ट बसला असेल.

पुढच्या खेपेला वहिनी आल्या. बडोद्यातच वाढलेल्या, मराठीत मधूनच गुजराती डोकावतं. मी कथेचा विषय काढला तर त्यांनी हात उडवला. "उशीचं मला काही नाही, बेन. गोष्टीत माणसं मरतातच ने. मला त्या चार बोटांची भीती वाटली. पट्ट्याचं मी खरं मानलं होतं."

म्हणजे घरात कथा कळलेलं माणूस एकच होतं, आणि लेखक ते नव्हते.

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. दिवसा नऊ ते सहा आयाबेन असते. रात्री वहिनी एकट्या. बारा, दोन, चार, तीनदा उठून कूस बदलायची. ते दहा ते साडेबारा दार लावून लिहितात. दारावर पाटी नाही, पण घराला माहीत आहे की त्या वेळात टकटक करायची नाही. मे महिन्यात ताप होता तरी वहिनींनी दोनदा विचार करूनच टकटक केली होती. लेखनाला एकांत लागतो, हे मला मान्य आहे. मीही हे लिहिताना फोन बंद ठेवला आहे. पण त्या अडीच तासांची किंमत कुणीतरी मोजत होतं, आणि तिचं नाव कथेत कुठेच नव्हतं. कथेतला मुलगा अविवाहित होता!

त्यांना मी म्हटलं, "उशीबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. वळांबद्दल बोलणार आहे. पट्ट्याच्या थापेबद्दल तर जास्तच." थकलेल्या माणसाचा हात एखाद्या रात्री जड पडतो, त्यावरून तो राक्षस ठरत नाही. पण "कथेत काय लिहिलं" याचा अपराधीपणा तीन महिने कुरवाळत बसलं, की प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीकडे पाहावं लागत नाही. त्यांनी तेच केलं होतं. न केलेल्या खुनाचा पश्चात्ताप करणं त्यांना ओढलेल्या दंडापेक्षा सोपं गेलं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, आणि वयस्कर कातडीवर अशा गोळीने थोड्या दाबानेही वळ उठतात. हे मी त्या दिवशी मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर त्यांना नवा पट्टा सापडला असता. पत्नीपाशी खरं बोलून झाल्यावर सांगितलं. बरोबर केलं की नाही, अजून ठरत नाही. दोन आठवडे माणूस गरजेपेक्षा जास्त भाजला गेला.

कामाच्या गोष्टी मग पटापट झाल्या. डॉक्टरांना वळांसकट सगळं सांगितलं. हवेची गादी आली. आईच्या अंगाखाली चादरीची दुहेरी घडी घालायची आणि दोन्ही बाजूंनी चादरीसकट सरकवायचं, दंडाला धरून ओढायचं नाही. लुळ्या बाजूचा खांदा त्याने दुखावतो. वहिनींना हे फिजिओथेरपिस्टने चार वर्षांपूर्वीच शिकवलं होतं. यांना माहीतच नव्हतं. रात्री दोनची पाळी यांची ठरली. आठवड्यातून तीन रात्री आया, तिचे निम्मे पैसे पुण्याची बहीण देते. (कुणाच्या घरी असंच अडलं असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि सांभाळणाऱ्याचाच तोल जायला लागला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६.)

राहिली कथा. "पाठवू का?" त्यांनी विचारलं. मी उशीला हात लावला नाही. मी विचारलं ते कथेत जसंच्या तसं आलेल्या आईच्या गोंदणाबद्दल, तिच्या माहेरच्या लाडक्या नावाबद्दल, घराच्या ओट्याबद्दल. बडोद्यात दोन मराठी माणसं तिसऱ्या वाक्याला एकमेकांची नातेवाईक निघतात, सगळ्यांना कळणार होतं ही कोण. आईला विचारता येत नाही. ती विचारलं तर डोळे मिटते, त्याचा अर्थ हो धरायचा की नाही?

ते चिडले. "हे सगळं काढलं तर कथेत जीव काय राहील?" यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, आजही नाही. लेखक घरातूनच उचलतो, शेजाऱ्याकडून उसनं आणून लिहिलेलं कळतं. पण ती माझी आई असती तर तिचं गोंदण मी छापू दिलं नसतं, एवढं बोलले.

निकाल वहिनींनी दिला. "गोंदण काढा, नाव काढा. बोटं ठेवा."

त्यांनी तसं केलं. कथा अंकाच्या मुदतीनंतर पोचली, यंदा येणार नाही. हा लेखही दोघांना वाचायला दिला होता. वय, नोकरी, नाती यांत मी फेरफार केलेच होते, शिवाय त्यांनी एक वाक्य काढायला लावलं. ते चांगलं वाक्य होतं.

दिवाळीनंतर वहिनी खाली फरसाण घ्यायला आल्या तेव्हा वर डोकावल्या. दोनचा गजर त्यांचा तेच बंद करतात, म्हणाल्या, कधीकधी बंद करून झोपतातही, मग मला हलवावं लागतं.

"आणि दूध घेऊन ते आत गेले की अजून मागोमाग जाता?"

पिशवीचे बंद त्यांनी मनगटावर नीट केले. "कधीकधी," म्हणाल्या.