शेजारची सरकारं सामाईक मासे खरंच मिळून सांभाळतात का?

प्रश्न असा आहे: "एकाच धरणात, नदीत किंवा समुद्रात दोन राज्यांचे नाहीतर दोन देशांचे मच्छीमार मासे धरत असतील, तर त्या माशांवर दोन्ही सरकारं मिळून काही देखरेख ठेवतात का? की सगळं कागदावरच असतं?"

काही ठिकाणी ठेवतात, आणि चांगली ठेवतात. आमच्याकडे मला ती दिसलेली नाही. मी नंदुरबार जिल्ह्यातला. मच्छीमार सहकारी संस्थांचे हिशेब लिहिण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे आधी घरचं सांगतो आणि मग जगाचं.

खानदेश म्हटलं की लोकांना केळी, कापूस आणि वांग्याचं भरीत आठवतं. मासे कुणाच्या डोक्यात येत नाहीत. पण आमच्या जिल्ह्याला दोन मोठे जलाशय लागून आहेत आणि दोन्ही धरणांच्या भिंती गुजरातेत आहेत. तापीवरचं उकाई १९७२ सालचं, जलाशय सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा. त्यातला बहुतेक भाग गुजरातचा, पण फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याचं टोक, आमच्या हद्दीत येतो. गंमत म्हणजे इथे पाण्याआधी सीमा आली. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली बरीच गावं तिकडे गेली. आजही निझर, कुकरमुंडा, उच्छल या बाजूला आमच्याकडच्यांच्या सोयरिकी आहेत, बाजारहाट एकमेकांच्या गावात चालतो. मासेमारीचा परवाना मात्र ज्याचा त्याचा.

दुसरा जलाशय नर्मदेवरचा, सरदार सरोवर. २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्यात बाधित झाली. सातपुड्याच्या कुशीतल्या घळींमध्ये पाणी शिरलंय, बुडालेल्या झाडांचे बुंधे खाली तसेच उभे आहेत, आणि टाकलेलं जाळं त्यांना अडकून फाटतं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातलेच काही जण आता त्या पाण्यावर मासे धरतात. समोरचा काठ कुठे गुजरातचा, कुठे मध्य प्रदेशाचा.

तुमच्या प्रश्नाचा गाभा या नर्मदेच्या पाण्यात सापडतो. नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या लवादाने १९७९ साली निवाडा दिला तेव्हा पाण्याची वाटणी अगदी बारकाईने केली. २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यात महाराष्ट्राला किती, तर ०.२५. विजेत मध्य प्रदेशाला ५७ टक्के, आम्हाला २७, गुजरातला १६. माशांबद्दलही तरतूद आहे, लवाद विसरला नव्हता. बुडीत जमीन गुजरातच्या मालकीची झाली, तरी तिच्यावरच्या पाण्यात मासेमारीचा, होड्या चालवण्याचा आणि जलवाहतुकीचा हक्क त्या त्या राज्याकडे राहील. फक्त गुजरातच्या पाणीवापराला त्याने बाधा येता कामा नये. आपल्या विस्थापितांसाठी ही तरतूद मोलाची आहे, ती नसती तर काठावरच्या माणसाला त्याच्याच बुडालेल्या शेतावर जाळं टाकायला दुसऱ्या राज्याची परवानगी काढावी लागली असती. पण त्यात वाटणी आहे ती हक्काची. सगळ्या जलाशयात मिळून मासा किती आहे, वर्षाला किती काढला तर पुढच्या वर्षी पुरेल, हे तिघांनी एकत्र बसून ठरवण्याबद्दल त्या तरतुदीत काही नाही.

यात बिघडतं कुठे? कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात नीट वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पहिला मोठा पूर आला की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात, नदीच्या वरच्या अंगाला आणि उपनद्यांच्या तोंडाशी अंडी घालतात. उकाईच्या बाबतीत वरचं अंग म्हणजे आमची तापी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुगवटा आटतो आणि मासा धरणाच्या भिंतीकडच्या खोल डोहात जातो. म्हणजे अंडी एका राज्यात, वाढ दुसऱ्या राज्यात. आता आमच्या संस्थेने पैसे घालून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली आणि तो मासा एप्रिल-मेमध्ये पलीकडे दोन किलोचा होऊन निघाला, तर पुढच्या वर्षी सभासद बोटुकलीसाठी वर्गणी देतील का? नाही देत. मी त्या सभांना बसलोय. आणि पलीकडच्यांची तक्रार उलट असते: वर चढलेले गाभण मासे तुम्ही पावसाळ्यातच धरता, मग आमच्याकडे येणार काय?

दोघांचंही खरं आहे. तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या बाजूला पाऊस सुरू झाला की पोट फुगलेला कटला बाजारात येतो. बाई विळीवर तो उभा चिरते आणि आत दोन्ही बाजूंना पिवळट अंड्यांच्या भरगच्च पिशव्या निघतात, कधीकधी माशाच्या वजनाचा चांगला मोठा हिस्सा तेवढाच. गिऱ्हाईक खूश, अंडी तव्यावर चांगली होतात. एका मोठ्या कटल्याच्या पोटात लाखांनी अंडी असतात. तिथल्या एका म्हाताऱ्या भोई बाबांना मी विचारलं होतं की हे दिवस सोडून का देत नाही. ते म्हणाले, "तठे धरायना त त्यासना, आठे उना त आपला." तिकडे सापडला तर त्यांचा, इकडे आला तर आपला. त्यात लोभ नव्हता, साधा हिशेब होता. दोन भावांच्या सामाईक विहिरीवर एकाने रात्री मोटर लावली की दुसरा काही पाणी वाचवत बसत नाही, तसंच.

कायद्याने हे सुटत नाही, कारण राज्यघटनेत मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे; केंद्राकडे आहे ती राज्याच्या सागरी हद्दीपलीकडची मासेमारी. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंद ऋतू असतो, पण तो नियम मध्य प्रदेशाचा. नदीच्या मध्यावरून जी रेघ जाते तिथे तो संपतो.

आता जिथे जमलंय तिथलं सांगतो, कारण त्यातलं एक उदाहरण आमच्या दुखण्याशी फारच जुळतं. नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्र आहे. तिथला कॉड मासा नॉर्वेच्या किनाऱ्याला, लोफोटेन बेटांच्या आसपास अंडी घालतो. पिल्लं प्रवाहाबरोबर ईशान्येकडे वाहत जातात, आणि त्यातली बरीचशी रशियाच्या बाजूला वाढतात. थोरला मासा एकाकडे, लहान दुसऱ्याकडे. रशियाने आपल्याच पाण्यात जाळी टाकायची म्हटलं तर हाती लागणार लहान मासा, आणि नुकसान दोघांचं. म्हणून १९७५ साली नॉर्वे आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघाने करार केला आणि १९७६ पासून त्यांचा संयुक्त आयोग दरवर्षी बसतो. कॉडचा एकूण कोटा, म्हणजे वर्षाला किती मासा धरायचा ती मर्यादा, एकच ठरतो, तिसऱ्या देशांचा थोडा वाटा काढून उरलेला निम्मा-निम्मा. आणि खरी हुशारी पुढे आहे: एकमेकांच्या हद्दीत जाऊन मासे धरायची मुभा दिली, म्हणजे रशियन ट्रॉलरने लहान मासा मारण्याऐवजी नॉर्वेच्या पाण्यात येऊन वाढलेला मासा धरावा.

काळ शीतयुद्धाचा होता हे विसरू नका. दोघांमधली सागरी सीमासुद्धा तेव्हा ठरलेली नव्हती, तो करार व्हायला २०१० साल उजाडलं. सीमेचं भांडण बाजूला ठेवून त्यांनी माशांचं काम आधी सुरू केलं. जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, आणि माशाची किमान लांबी दोन्हीकडे एकच करायलाही २०११ साल लागलं, म्हणजे तिथेही सगळं एका बैठकीत झालेलं नाही. युक्रेनच्या युद्धानंतर बाकीचं बोलणं जवळपास तुटलं तरी हा आयोग चालू राहिला. २०२५ साठी त्यांनी कॉडचा कोटा ३,४०,००० टनांवर आणला, १९९१ नंतरचा तोवरचा सगळ्यात कमी. मासा कमी झाला तेव्हा दोघांनी मिळून पोटाला चिमटा घेतला. मला हे करारावरच्या सह्यांपेक्षा मोठं वाटतं.

याच्या उलट बांगडा. आपला नाही, उत्तर अटलांटिकचा. साधारण २००७ नंतर तो आइसलँड आणि फॅरो बेटांकडे सरकला. त्या दोघांनी म्हटलं, आमच्या पाण्यात आलाय तर आमचा, आणि आपापले कोटे जाहीर केले. युरोपीय संघ आणि नॉर्वे आपला वाटा सोडेनात. सगळ्यांच्या कोट्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या आकड्याच्या वर जात राहिली, आणि २०१९ साली त्या बांगड्याचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र निलंबित झालं. हे सगळे श्रीमंत देश, शास्त्रज्ञांची कमी नाही, बैठकांचीही नाही. प्रकाशा गावच्या भोई बाबांचा हिशेब आणि यांचा हिशेब एकच निघाला.

आपल्या शेजारचं एक बरं उदाहरण बंगालच्या उपसागरातलं. बांगलादेशची समुद्रातली मासेमारीबंदी २० मे ते २३ जुलै, ६५ दिवस असायची. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरची १५ एप्रिल ते १४ जून. त्यामुळे आपली बंदी उठली की पुढचे पाच-सहा आठवडे बांगलादेशी मच्छीमार काठावर बसून, आणि इकडच्या बोटी समुद्रात. त्यांची ओरड वर्षानुवर्षं होती. २०२५ साली बांगलादेशने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी आणली. तारखा जवळजवळ जुळल्या. त्यासाठी कुठलाही मोठा करार लागला नाही. पाल्कच्या सामुद्रधुनीत मात्र भारत-श्रीलंकेचा संयुक्त कार्यगट २०१६ पासून आहे आणि भारतीय ट्रॉलरचा प्रश्न तिथेच आहे. तिथे एका बाजूला तळ खरवडणारी यंत्रं आणि दुसऱ्या बाजूला छोट्या होड्या, नुसत्या तारखांनी ते मिटणारं नाही.

देशांतर्गत म्हणाल तर तुंगभद्रेचं नाव घेईन. १९५३ सालापासूनचं तुंगभद्रा बोर्ड मुळात पाणी आणि कालव्यांसाठी. पण बोर्डाने मासेमारीचं कामही अंगावर घेतलं, स्वतःचं मत्स्यबीज केंद्र चालवलं. ते आदर्श होतं असं मी म्हणणार नाही. एवढंच दिसतं की दोन राज्यांच्या पाण्यासाठी नेमलेल्या मंडळाने मासे आपलं काम मानलं, तर कायदा आडवा येत नाही.

मग आमच्याकडे काय व्हावं? कोट्यापासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. कोट्याला आधी मोजणी लागते आणि आमच्याकडे अर्धा माल काठावरच व्यापाऱ्याला जातो, वहीत येतच नाही. आधी तारखा एक करा, मग जाळ्याचा आस एक करा. या दोन गोष्टी काठावरच्या माणसाला डोळ्यांनी दिसतात. पलीकडची होडी जुलैत बांधलेली दिसली तर इकडचाही बांधून ठेवेल. आणि त्या दोन महिन्यांत घर कसं चालायचं याची सोय आधी, बंदी नंतर. नाहीतर बंदी फक्त गरिबावर आणि रात्रीची मासेमारी बाकीच्यांची. बोटुकलीचा खर्च तिन्ही राज्यांनी पाण्याच्या क्षेत्राप्रमाणे वाटून घ्यावा, म्हणजे सभेत तो जुना वाद राहणार नाही.

कुठे मांडायचं हाही प्रश्न आहे. एकदा आम्ही संस्थेतर्फे एका कार्यालयाला लिहिलं होतं, तर उत्तर आलं की विषय अखत्यारीत येत नाही. राज्यांच्या विभागीय परिषदांचंही असं की गुजरात-महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि मध्य प्रदेश मध्य परिषदेत, तिघं एका टेबलावर येतच नाहीत. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणात मात्र येतात, राजस्थानसकट चौघं. पाण्यासाठी, विजेसाठी, पुनर्वसनासाठी तिथे बैठका होतच असतात. त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर पावसाळी बंदीच्या तारखा आणि जाळ्याचा आस एवढे दोन मुद्दे घालायला नवा कायदा लागत नाही, कुठल्या तरी एका राज्याच्या मत्स्य विभागाने पत्र द्यावं लागतं. उकाईला असं टेबलसुद्धा नाही. तिथे नंदुरबार आणि तापी या दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी मे महिन्यात एकदा बसून तारखा ठरवल्या, तरी माझ्या मते पहिलं वर्ष निभेल.