माल वाहणारं प्रथिन बिघडलं तर पेशीची दिशा का चुकते?

सोलापुरातच एम.एस्सी. करणाऱ्या एका सदस्याची शंका आहे: मायोसिन फाइव्ह-बी हे तर नुसतं ओझं वाहणारं प्रथिन. ते बिघडलं तर माल अडकेल हे पटतं, पण आतड्याच्या पेशीची पोलॅरिटीच, म्हणजे तिचं वर-खाली, कसं बिघडेल?

शंका रास्त आहे. पेशीची वरची बाजू एकदा ठरली की कायमची ठरली, असं आपण धरून चालतो. घोटाळा तिथेच होतो.

आपल्याकडचा टर्किश टॉवेल घ्या. पाणी शोषते ती त्याची लव. लहान आतड्याच्या पेशीच्या वरच्या तोंडाला अशीच लव असते, मायक्रोव्हिलाय. एका पेशीवर काही हजार, उंची जेमतेम १ मायक्रॉन. पण टॉवेल मागावरून उतरला की विणकाम संपतं, पेशीचं संपत नाही. वरचं आवरण सतत थोडं थोडं आत ओढलं जातं, पृष्ठभागाच्या जरा खाली रिसायकलिंग एन्डोसोम नावाच्या पुडक्यांमध्ये जमतं आणि पुन्हा वर जातं. त्या पुडक्यांवर रॅब११ हे प्रथिन म्हणजे जणू पत्त्याची चिठ्ठी. मायोसिन फाइव्ह-बी ती चिठ्ठी धरतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून अ‍ॅक्टिनच्या तंतूवरून पाऊल पाऊल चालतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. या एन्डोसोमवर नुसता माल नसतो, पीडीके१सारखी किनेझं, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून चालू-बंद करणारी प्रथिनं, हीही तिथेच असतात. एझ्रिन हे प्रथिन अ‍ॅक्टिनला वरच्या आवरणाशी टाचून धरतं, आणि ते चालू ठेवायला ही किनेझं तिथे जवळच लागतात. मायोसिन बिघडलं की एन्डोसोम विखुरतात, किनेझं भरकटतात, एझ्रिन ढिलं पडतं, लव झडते. म्हणजे हमालाबरोबर मुकादमही गेला!

याचा आजार म्हणजे तान्ह्या बाळांना होणारा मायक्रोव्हिलस इन्क्लूजन डिसीज. वर्णन १९७८ सालचं, मायोसिन फाइव्ह-बी बनवणाऱ्या एमवायओ५बी जनुकाशी नातं कळलं २००८ मध्ये. पुढे सिन्टॅक्सिन ३ हे प्रथिन बिघडलेली मुलंही सापडली. ते प्रथिन पुडकं वरच्या आवरणात मिसळवतं, वाहत नाही; तरी आजार जवळपास तोच. पोचवण्याच्या साखळीतला कुठलाही दुवा तुटला तरी गत तीच.

मी आयुष्यभर स्लाइडी बघितल्या, म्हणून हे सांगतो. पीएएस रंगात निरोगी आतड्याच्या काठावर बारीक किरमिजी रेघ दिसते, टाकाने ओढल्यासारखी. या आजारात ती रेघ काठावर तुटक होते आणि रंग खाली पेशीत फासल्यासारखा पसरतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काही पेशींत लव चक्क आतल्या पोकळीत उगवलेली दिसते. टॉवेलची लव कापडाच्या पोटात!

एक सावधगिरी: 'पोलॅरिटी नष्ट होते' असं लिहू नका. शेजारच्या पेशींना जोडणारे टाइट जंक्शन बऱ्यापैकी शाबूत असतात. सोडियम आणि ग्लुकोज आत घेणारी एनएचई३ आणि एसजीएलटी१ ही प्रथिनं वरच्या बाजूवरून नाहीशी होतात, पण क्लोराइड बाहेर सोडणारं सीएफटीआर जागेवर राहतं. ओढणारा नळ बंद, सोडणारा चालू. म्हणून दूध बंद केलं तरी जुलाब थांबत नाहीत, आणि ते इतके पाण्यासारखे की आईला वाटतं बाळाने लघवीच केली.

पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात, पण दोष प्रत्येकीत असतोच. त्यामुळे शिरेवाटे पूर्ण पोषण, नाहीतर आतड्याचं प्रत्यारोपण, एवढेच मार्ग. आई-वडील दोघं वाहक, म्हणजे दोषाची एकेक प्रत बाळगणारे, असले तर प्रत्येक खेपेला धोका २५ टक्के; नात्यात लग्न झालं की दोघं वाहक असण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या आपल्या भागात हे आधीच विचारायला हवं. याच जनुकाच्या काही दोषांत जुलाब होतच नाहीत, फक्त पित्त तुंबून कावीळ आणि खाज. ते का, हा वेगळा धागा काढा, लिहीन.

सेमिनारला आकृतीआधी पीएएसच्या दोन स्लाइडी शेजारी शेजारी लावा. निरोगी आधी.