गाडी आणि गॅरेज : विजेवरची वेगवान सेडान की पेट्रोलची?

यंदा टपालात एकाच विषयावरची पत्रं पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून हे पान त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात देत आहोत. गाडीची वैशिष्ट्यं शोरूममध्ये सांगतातच. इथे गोव्याच्या रस्त्यांवर, पावसात आणि खाऱ्या हवेत काय होतं त्यावर भर आहे.

रोज पर्वरी ते वेर्णा ये-जा असते, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव. मनात पेट्रोलची बीएमडब्ल्यू एम340आय आहे, पण विजेवरची बीवायडी सील परफॉर्मन्स 3.8 सेकंदांत ताशी शंभर गाठते आणि लाखोंनी स्वस्त पडते. मग पेट्रोलमध्ये राहिलं काय? (वाचक, पर्वरी)

सीलच्या 3.8 आणि एम340आयच्या 4.4 सेकंदांतला फरक तुम्हाला झुआरी पुलावर कधी कळणार नाही, तेव्हा तो बाजूला ठेवा. वजनाकडे बघा. सील परफॉर्मन्स 530 पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), पण जवळजवळ 2.2 टनांची. एम340आयचं तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन 374 पीएसचं आणि गाडी सुमारे पावणेदोन टनांची. सरळ रस्त्यावर सील पुढे जाते. घाटात वळणामागून वळण येतं तेव्हा चारशे-साडेचारशे किलोंचा फरक टायरच्या कडांवर आणि स्टिअरिंगवर जाणवतो. बॅटरी तळाशी असल्याने सील डोलत नाही हे खरं. पण न डोलणं वेगळं आणि हलकी असणं वेगळं. गाडी चालवण्याची मजा हाच मुद्दा असेल, तर आमचं मत अजून पेट्रोलच्या बाजूने आहे. रोजच्या ये-जा साठी मात्र सीलच सुखाची. म्हापसा-पणजीच्या कोंडीत तीन लिटरचं इंजिन लिटरला सहा-सात किलोमीटरवर येतं, विजेची गाडी तिथेच सर्वांत कमी खाते.

बेळगावचा हिशेब करून घ्या. पणजी-बेळगाव चोर्ल्यातून साधारण सव्वाशे किलोमीटर. सपाटीवर शंभर किलोमीटरला 18 युनिट धरले तर जाताना साडेबावीस युनिट. त्यात चढ आला. माणसं-सामानासह 2,400 किलोंची गाडी 700 मीटर वर न्यायला साडेचार युनिट वेगळे लागतात. बेळगाव पठारावरच असल्यामुळे जाताना ते परत मिळत नाहीत, येताना उतारावर त्यातले साधारण तीन युनिट बॅटरीत जमा होतात. जाताना 27, येताना 19-20. सीलची बॅटरी 82.56 युनिटांची आहे, म्हणजे वाटेत चार्ज न करता जाऊन-येऊन होतं. पावसात रस्त्यावर पाणी असताना दहा टक्के जास्त धरा.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते. रिजनरेशन, म्हणजे मोटरनेच गाडी आवरून वीज परत मिळवणं, जवळजवळ बंद पडतं आणि दोन टनांहून जास्त वजनाचा सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. बेळगावात शंभर टक्के करून निघालात तर घाटमाथ्यापर्यंत दहा-बारा टक्के उतरतात, तिथे प्रश्न नाही. पण आंबोलीत हॉटेलवर रात्रभर चार्जिंग लावून सकाळी थेट सावंतवाडीकडे उतरणार असाल, तर 85 टक्क्यांवर थांबा. पेट्रोलच्या गाडीत हे काम गिअर करतो. ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यावर ठेवा, ब्रेकला हात लावायची वेळ कमी येईल.

म्हार्दोळला स्वतःचं घर आहे. चार्जर बसवला, पण चार्जिंग मध्येच बंद पडतं आणि लाल दिवा लागतो. कंपनीचा माणूस म्हणतो घराचं अर्थिंग खराब, इलेक्ट्रिशियन म्हणतो चार्जर खराब. (वाचक, म्हार्दोळ)

बहुतेक वेळा अर्थिंगच. आपल्याकडची जमीन चिऱ्याची. पावसाळ्यात ती पाणी धरते तेव्हा अर्थिंग ठीक असतं, मार्च ते मे ती कोरडी पडते आणि अर्थचा रोध कितीतरी पट वाढतो. फ्रीज आणि पंख्यांना त्याचं काही वाटत नाही. चार्जर मात्र प्रत्येक वेळी अर्थ तपासतो आणि समाधान झालं नाही तर वीज तोडतो. तसा तो तोडतो हे चांगलंच, नाहीतर गाडीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याला झटका बसला असता.

इलेक्ट्रिशियनला दोन मोजमापं करायला सांगा. चार्जर चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या वर नसावा. अर्थ टेस्टरवर रोध 5 ओहमच्या खाली हवा. मल्टिमीटरने रोध मोजून देणारा भेटला तर नम्रपणे नाही म्हणा, त्याने तो मोजता येत नाही. रोध जास्त निघाला तर चार्जरसाठी वेगळा केमिकल अर्थिंगचा खड्डा घ्या, शक्यतो विहिरीकडच्या किंवा सांडपाणी मुरतं त्या बाजूला. एका खड्ड्याने भागलं नाही तर तीन मीटर अंतरावर दुसरा घेऊन तांब्याच्या पट्टीने जोडा. जुन्या खड्ड्यात मीठ ओतण्याचा उपाय करू नका. पहिल्याच पावसात मीठ वाहून जातं आणि पाइप मात्र कुजतो.

बाकीची जोडणी अशी हवी : मीटरपासून थेट वेगळी लाइन, 32 अँपिअरच्या 7.4 किलोवॅट चार्जरसाठी 6 चौरस मिलिमीटर तांब्याची केबल (अंतर वीस-पंचवीस मीटरच्या पुढे असेल तर 10 चौरस मिलिमीटर), 40 अँपिअरचा ब्रेकर, 30 मिलिअँपिअरचा टाइप ए गळतीरोधक आणि सर्ज प्रोटेक्टर. शेवटची वस्तू लोक वाचवतात. जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते-येते तेव्हा चार्जरचा बोर्ड जळतो, आणि तो बोर्ड प्रोटेक्टरच्या कितीतरी पट महाग असतो. घराचा मंजूर भार चार-पाच किलोवॅट असेल तर आधी वीज खात्याकडे तो वाढवून घ्या, नाहीतर एसी आणि चार्जर एकत्र लागले की मेन पडेल.

15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रोज चार्ज करायचं असेल तरी वेगळी लाइन हवीच. तासाला साधारण तीन युनिट, म्हणजे मोठी बॅटरी शून्यातून भरायला 28-30 तास. रोजच्या पन्नास किलोमीटरसाठी ते पुरतं. पण स्वस्त सॉकेट सलग आठ-दहा तास 13 अँपिअर ओढताना वितळतं. अर्ध्या तासाने प्लग हाताला सोसवत नसेल इतका गरम लागला तर लगेच बंद करा.

80 टक्क्यांपर्यंतच चार्ज करावं म्हणतात, दुसरीकडे आठवड्यातून एकदा शंभर टक्के करा म्हणतात. खरं काय? (वाचक, डिचोली)

दोन्ही खरं, बॅटऱ्या वेगळ्या. बीवायडी सीलमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटची ब्लेड बॅटरी आहे. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे गाडीला टक्केवारीचा अंदाज चुकत जातो. आठवड्यातून एकदा पूर्ण भरली की हिशेब जुळतो. विजेवरच्या बीएमडब्ल्यू आय4मध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी आहे. ती शंभर टक्के भरून एप्रिलच्या उन्हात उभी ठेवली तर लवकर म्हातारी होते. रोज 80, लांबच्या प्रवासाला निघायच्या सकाळीच 100.

पावसाळ्यानंतर विजेच्या गाडीच्या मागच्या चाकांतून खरखर येते. गाडी 14 हजार किलोमीटरच चालली आहे. ब्रेक संपले का? (वाचक, म्हापसा)

संपले नाहीत, वापरलेच गेले नाहीत. रिजनरेशनमुळे पॅड डिस्कला क्वचितच लागतात, समुद्राकडची दमट हवा डिस्कवर गंज चढवते आणि तो घासून निघत नाही. पेट्रोलच्या गाडीत पहिल्या चौकातच निघून गेला असता. पुढे कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकतात, पॅड एका बाजूने झिजतं आणि डिस्कवर कायमचे चर पडतात.

आठवड्यातून एकदा रिजनरेशन कमीत कमी ठेवा, मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही हे बघून 60 वरून 15 पर्यंत पाच-सहा वेळा जोरात ब्रेक लावा. दोन ब्रेकिंगमध्ये थोडं अंतर ठेवा. गाडी धुतल्यावर तशीच उभी न करता एक फेरी मारा. सप्टेंबरअखेर चारही कॅलिपरच्या पिना काढून साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. साधं ग्रीस रबराचे बूट फुगवतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी असोत. ते हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडे ओल कमी नाही.

चोडणला राहतो. फेरीबोटीवर चढताना लांब सेडानचं पोट घासेल का? (वाचक, चोडण)

घासू शकतं, आणि विजेच्या गाडीत त्या पोटात बॅटरी असते. सीलचा व्हीलबेस 2,920 मिलिमीटर आहे. पुढची-मागची चाकं जेवढी दूर, तेवढा मधला भाग रॅम्पच्या कडेला आधी टेकतो. पेट्रोलच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचा 2,677. ओहोटीच्या वेळी रॅम्पचा कोन तीव्र होतो, तेव्हा सरळ न जाता जागा असेल तर किंचित तिरकं चढा, चाकं एकेक करून कडेवर येतात. गतिरोधकांवरही हीच युक्ती. पोटाला आघात झाला असेल, तर दिसायला ओरखडाच असला तरी लिफ्टवर घेऊन कव्हरला पोचा आहे का बघा. भरतीच्या वेळी रॅम्पवरच्या खाऱ्या पाण्यातून गेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. उच्च दाबाचा फवारा नारिंगी (उच्च दाबाच्या विजेच्या) केबलच्या जोडांवर धरू नका.

रोज फेरीबोट असेल तर मुळात दोन्हींपैकी कुठलीही बुटकी सेडान घेऊ नये, असं आमचं मत.

वर्षाला 12 हजार किलोमीटर. विजेची गाडी खरंच किती वाचवते? (वाचक, वास्को)

पेट्रोल 97 रुपये आणि लिटरला 10 किलोमीटर धरले तर वर्षाला सुमारे 1 लाख 16 हजार. घरी चार्जिंग, शंभर किलोमीटरला चार्जिंगच्या नुकसानीसह 20 युनिट, युनिट 7 रुपये धरलं तर 17 हजारांच्या आसपास. सगळं चार्जिंग बाहेर, युनिटला 22 रुपये दराने केलं तर 48 हजार (इथे नुकसान न धरता शंभर किलोमीटरला 18 युनिट). म्हणून सोसायटीत जागेवर चार्जर मिळणार नसेल, तर बचत तर कमी होतेच, शिवाय 60 किलोवॅटच्या खांबाजवळ तासभर बसणं आलं. दुसरी गाडी लागली की अनेक ठिकाणी तोच खांब प्रत्येकाला 30 देतो, मग दोन तास.

यातून टायर वजा करा. सीलचे 235/45 आर19 जास्त वजनामुळे आणि पहिल्या क्षणापासून मिळणाऱ्या टॉर्कमुळे लवकर झिजतात. दर आठ हजारांवर अदलाबदल करा, आणि नवे घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. विमा घेताना विजेच्या गाडीला बॅटरी संरक्षण आणि पेट्रोलच्या गाडीला इंजिन संरक्षण ही जोड-कलमं (ॲड-ऑन) घ्याच.

जुनी ऑक्टाव्हिया आरएस बघतो आहे, 2017-18ची. काय तपासू? (वाचक, मडगाव)

230 पीएसच्या त्या गाडीत सहा गिअरचा, तेलातल्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. दर 60 हजार किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर खर्च किमतीतून कापा. गाडी थंड असताना कूलंटची पातळी बघा आणि इंजिनाच्या बाजूला गुलाबी सुकलेले डाग आहेत का ते टॉर्चने शोधा. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर तिथे गळतं, सगळा भाग बदलावा लागतो. थेट इंधन फवारणीमुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते. सकाळच्या स्टार्टला थरथर असेल तर तेच आधी संशयात घ्या, आक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने साफ करून मिळतं.

मग लिफ्टवर : सबफ्रेमचे बोल्ट, सायलेन्सरचे जोड, ब्रेकच्या नळ्या. मिरामार-कांदोळीसारख्या किनाऱ्यालगत उभी राहिलेली गाडी वरून चकाचक आणि खालून गंजलेली असू शकते. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आताचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोलही पाणी ओढतं, त्यामुळे अशी गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर झाकून ठेवू नका. टाकी भरून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा वीसेक किलोमीटर चालवा.