हेलसिंकीत उद्योजकता शिकायला यायचंय? मग हे वाचा

तुम्ही विचारलंय की फिनलंडमधल्या आल्टो युनिव्हर्सिटीत उद्योजकतेचं मास्टर्स करायला आलं तर सुरुवातीचे महिने कसे जातात, आणि तिथे खरंच धंदा शिकवतात की नुसती पुस्तकं. मी तिथेच शिकलो आणि अजून इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे हेलसिंकी हेलसिंकी म्हणतात, पण आल्टोचा कॅम्पस शेजारच्या एस्पो शहरात, ओटानिएमीला आहे. २०१७ पासून तिथे मेट्रो जाते. हेलसिंकीच्या मध्यातल्या कांपी स्टेशनहून दहा-बारा मिनिटं लागतात आणि एबी झोनचं तिकीट पुरतं. त्यामुळे शहराच्या मध्यातच खोली हवी असा हट्ट धरू नका. विद्यार्थी संघटनेची घरं आणि ‘होआस’ ही विद्यार्थ्यांना घरं देणारी संस्था, दोन्हीकडे प्रवेश पक्का होताच अर्ज टाका. सप्टेंबरात येणाऱ्यांची रांग मोठी असते.

आता वर्ग. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची, ‘सर’ म्हटलं तर तेच अवघडतात. याची सवय लवकर होते. सवय व्हायला वेळ लागतो ती शांततेची. तुम्ही जीव तोडून आपली धंद्याची कल्पना मांडता (पिच करता) आणि समोरचे मख्ख चेहऱ्याने बघत राहतात. मान डोलावणं नाही, ‘वा’ नाही. मला आधी वाटायचं, पडलं आपलं. पण तास संपल्यावर त्यांतलाच एखादा शांतपणे येऊन विचारतो, ही गरज आज गिऱ्हाईक कशाने भागवतंय? पैसे कोण देणार, वापरणारा की त्याची कंपनी? म्हणजे त्याने सगळं नीट ऐकलेलं असतं. इथे शब्दाला शब्दशः धरतात. ‘शुक्रवारी पाठवतो’ म्हणालात तर शुक्रवारी वाट बघतात. ‘एवढ्या मोठ्या बाजाराचा एक टक्का मिळाला तरी पुरे’ हे आपल्या स्लाइडवरचं लाडकं वाक्य तर घरीच ठेवून या.

आयडिया घेऊन यायची गरज नाही. आलात तरी ती टिकणार नाही, कारण बाहेर पडून अनोळखी माणसांशी बोला, त्यांची अडचण ऐका, विकायचं नाव काढू नका, असंच काम सारखं मिळतं. आपण परीक्षेत मार्क काढण्यात तयार झालेलो असतो. इथे ‘आमचा अंदाज चुकला, हे पुरावे’ असा रिपोर्ट दिला तरी चांगला ग्रेड मिळतो, हे पचायला वेळ लागला.

पण खरं सांगू का, शिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर आहे आणि तो विद्यार्थीच चालवतात. आल्टोएस ही उद्योजकतेची विद्यार्थी संस्था २००९ मध्ये सुरू झाली. १३ ऑक्टोबरला अपयशाचा दिवस पाळायची टूम इथल्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये काढली. नोव्हेंबरात हेलसिंकीत भरणारा स्लश हा स्टार्टअपचा प्रचंड मेळावा सुरू झाला २००८ मध्ये, पण तो वाढवला विद्यार्थ्यांनी. वोल्ट ही घरपोच जेवण पोचवणारी कंपनी काढणारा मिकी कूसी आधी स्लशचा प्रमुख होता, यावरून काय ते समजा. आल्याआल्या स्लशच्या स्वयंसेवकांमध्ये नाव घाला. खुर्च्या लावायचं काम मिळालं तरी चालेल. गुंतवणूकदार आणि फाउंडर एकमेकांशी कसे बोलतात हे तिथे फुकटात ऐकायला मिळतं.

यामागे इतिहास आहे. नोकियाचा फोनचा धंदा घसरला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला, तेव्हा हुशार इंजिनियरांची फौज मोकळी झाली. तोवर २०१० मध्ये निघालेल्या सुपरसेल या इथल्या कंपनीने मोबाइल गेम विकून जग जिंकता येतं हे दाखवलं होतं. म्हणून इथे स्टार्टअप काढणाऱ्याला ‘नोकरी लागली नाही वाटतं’ असं कुणी म्हणत नाही.

तुम्ही इंजिनियर आहात म्हणता, तर आल्टोच्याच डिझाइन फॅक्टरीतला प्रॉडक्ट डेव्हलपमेंटचा कोर्स बघाच. सप्टेंबर ते मे एखाद्या कंपनीने दिलेल्या विषयावर काम असतं, आणि डिझायनर, इंजिनियर, बिझनेसवाले एकाच टीममध्ये. भांडणं होतात. व्हायलाच हवीत, को-फाउंडर निवडायची तालीम तीच.

पैशांचं स्पष्ट सांगतो. विद्यार्थी म्हणून राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे परमिटसाठी, महिन्याला ८०० युरो, म्हणजे वर्षाचे ९,६०० दाखवावे लागतात, फी वेगळी. शिकताना आठवड्याला सरासरी ३० तास काम करता येतं, पण फिनिश येत नसेल तर पार्टटाइम काम मिळणं कठीण. त्या कमाईवर बजेट आखू नका. फिनिशचा कोर्स पहिल्याच टर्मला घ्या, ‘नंतर बघू’ म्हणणारे नंतर बघत नाहीत. कंपनी काढणं मात्र सोपं आहे. २०१९ पासून खाजगी लिमिटेड कंपनीला किमान भागभांडवलाची अट नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला किंवा धंदा सुरू करायला दोन वर्षांचं परमिट मिळतं. विद्यार्थी परमिटवर असतानाच स्वतःच्या कंपनीत काय चालतं आणि काय नाही, ते मिग्रीला, म्हणजे परमिट देणाऱ्या सरकारी खात्यालाच, लेखी विचारा, सीनियरांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

डिसेंबरच्या उत्तरार्धात उजेड सहा तासांहून कमी. डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या आणि दुपारी बाहेर पडा, बाकी सोसतं.

अर्ज साधारण डिसेंबरात उघडतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात. स्कॉलरशिप त्याच अर्जात मागायची असते, नंतर वेगळी मागता येत नाही. तेव्हा मार्कशीट आणि इंग्रजीची परीक्षा नोव्हेंबरपर्यंत उरका. मोटिव्हेशन लेटर लिहून झालं की पाठवा, वाचून सांगतो.