होगनचा हुक आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात अमेरिकन गोल्फर बेन होगनबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं त्याच्या 1949 मधल्या मोटार अपघाताविषयी आहेत. साहजिकच आहे. मी तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट होते, मोडलेल्या माणसांना उभं करणं हेच माझं काम, त्यामुळे ती गोष्ट मलाही आवडते. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते, त्यावर माझा आक्षेप आहे. तो ओघात येईलच. आधी ज्या पत्रामुळे मला दोन दिवस झोप लागली नाही, ते घेते.

ताई, माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला गोल्फमध्ये प्रो व्हायचंय. त्याचे कोच म्हणतात, मेहनती आहे, पण खेळ अंगात नाही. होगनसारखे खेळाडू लहानपणापासूनच वेगळे दिसत असतील ना? (एक आई)

नाही हो. होगनच्या लहानपणी वेगळा दिसायचा तो शेजारचा मुलगा.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावात ग्लेन गार्डन नावाचा क्लब होता. तिथे दोन पोरं कॅडी म्हणून खेळाडूंच्या बॅगा उचलायची. दोघांचा जन्म 1912 चा. एक बायरन नेल्सन, दुसरा होगन. होगनचे वडील लोहार. तो नऊ वर्षांचा असताना त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. घरात पैसा नाही म्हणून पोरगं रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रं विकायला लागलं, आणि पुढे कॅडीच्या कामात जास्त पैसे मिळतात असं कळल्यावर क्लबात आलं. 1927 च्या नाताळात क्लबाने कॅडी मुलांची स्पर्धा ठेवली. हे दोघे बरोबरीत सुटले आणि पुढच्या नऊ होलमध्ये नेल्सन एका फटक्याने जिंकला (गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकतो). क्लबाने ज्युनियर सभासदत्व दिलं तेही नेल्सनला. सोळा पूर्ण झाले की कॅडी म्हणून राहता येत नसे, त्यामुळे होगनला तिथून निघावं लागलं. पैसे भरून कोणीही खेळावं अशा सार्वजनिक कोर्सवर तो सराव करायला लागला.

अठरा पूर्ण व्हायच्या आधीच, 1930 च्या सुरुवातीला, तो प्रो झाला. आणि मग? मग काहीच नाही. पैसे संपले की घरी परत, मिळेल ते काम, चार पैसे साठले की पुन्हा स्पर्धा. 1935 मध्ये व्हॅलरीशी लग्न झालं आणि मोटारीतच दोघांचं बिऱ्हाड सुरू झालं, या गावाहून त्या गावाला. 1938 मध्ये ओकलंडच्या स्पर्धेच्या वेळी तो सकाळी बाहेर येऊन बघतो तर गाडीची चाकं चोरीला गेलेली. तरी तो कोर्सवर पोहोचला, खेळला, आणि बक्षिसाच्या पैशांवर पुढचा प्रवास निघाला. त्याच वर्षी जोडीने खेळायची एक स्पर्धा त्याने व्हिक गेझीबरोबर जिंकली. पण एकट्याच्या नावावरचा पहिला विजय मिळायला मार्च 1940 उजाडला. पाइनहर्स्टची नॉर्थ अँड साउथ ओपन. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. लगोलग त्याच नॉर्थ कॅरोलायनात आणखी दोन स्पर्धा जिंकल्या आणि त्या वर्षी सगळ्यांत जास्त कमाई करणारा खेळाडू ठरला. 1941 आणि 1942 लाही तोच.

म्हणजे दहा वर्षं. तुमच्या पत्रात मुलाच्या गुणांबद्दल दोन पानं आहेत, खर्चाबद्दल एक ओळही नाही. कोचशी नंतर बोला. आधी घरात बसून ठरवा, पहिली पाच वर्षं एक पैसा आला नाही तर घर कसं चालणार, आणि हे मुलासमोर ठरवा. त्याला बाहेर बसवून नको. होगनच्या मोटारीतलं दुसरं माणूस सगळं डोळ्यांदेखत बघत होतं आणि तरीही गाडीतून उतरलं नाही, हे मला त्याच्या स्विंगपेक्षा, म्हणजे काठी फिरवण्याच्या कसबापेक्षा, महत्त्वाचं वाटतं.

होगनचं एक 'गुपित' होतं म्हणतात. ते काय? तुम्हाला माहीत असेल तर आम्हालाही सांगा, आमचेही चार फटके कमी होतील!

गुपित कळायचं तर आधी दुखणं समजायला हवं. होगन लहानखुरा, पण लांब मारणारा. त्यासाठी स्विंगही लांबलचक. त्यातून त्याला हुकची खोड लागली. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल निघतो बरा आणि पुढे जाऊन कचकन डावीकडे वळतो, तो हुक. असा बॉल खाली पडल्यावरही थांबत नाही, घरंगळत रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, किंवा पाण्यात जातो. पहिली दहा वर्षं होगनला याच हुकने खाल्लं. एरवी तो उत्तम खेळायचा. फक्त मोक्याच्या वेळी बॉल डावीकडे.

उपाय त्याने एकट्याने, तासन्‌तास बॉल मारून शोधला. त्या काळी स्पर्धा संपल्यावर लोक जेवायला जात, हा परत सरावाला जाई. 1955 मध्ये 'लाइफ' मासिकाने त्याचं गुपित छापलं. डाव्या हाताची पकड थोडी डावीकडे फिरवायची, म्हणजे सैल नव्हे, पण बॉल वळवण्याची तिची ताकद कमी करायची. आणि स्विंग वर पोहोचताना डावं मनगट किंचित मागे वाकवायचं. यामुळे कितीही जोराने मारलं तरी क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, तोंड बंद होत नाही आणि बॉल शेवटी हलकेच उजवीकडे उतरतो.

आता खरं सांगते. मीही हे केलं. पन्नाशीनंतर खेळायला लागलेली बाई मी, त्या गुपिताने माझा बॉल थेट शेजारच्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, गेला आणि तिथल्या गृहस्थांची माफी मागावी लागली. कारण साधं आहे. तुमचा-माझा बॉल मुळातच उजवीकडे पळतो. होगनचं औषध होगनच्या दुखण्यावरचं. डोकेदुखीवाल्याने जुलाबाची गोळी घेऊ नये.

त्या अपघातात नेमकं काय मोडलं होतं? डॉक्टर म्हणाले चालणार नाही आणि तो जिंकला, हे खरं की रचलेलं? (निवृत्त शाळाशिक्षक)

खरं आहे, आणि वैद्यकीय बाजू नीट पाहिली तर सांगतात त्याहून अवघड आहे.

2 फेब्रुवारी 1949. फीनिक्सची स्पर्धा प्लेऑफमध्ये (बरोबरी सुटल्यावरच्या जादा फेरीत) हरून होगन नवरा-बायको मोटारीने घरी निघाले होते. टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्नजवळ धुकं होतं. एका अरुंद पुलावर समोरून ट्रकला ओलांडत बस आली. होगन व्हॅलरीला वाचवायला तिच्या अंगावर आडवा झाला. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या रिकाम्या झालेल्या सीटमध्ये घुसला. बायकोला वाचवायला गेला म्हणून तो स्वतः वाचला.

ओटीपोटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. गळपट्टीचं हाड, डावा घोटा, बरगडीला तडा. हे सगळं मी वॉर्डात पाहिलेलं आहे आणि हाडं जुळतात. पुढचं जास्त वाईट. पडून राहिल्यामुळे पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसाकडे सरकायला लागल्या. न्यू ऑर्लिन्सहून सर्जन ऑल्टन ऑक्सनर यांना हवाई दलाच्या विमानाने आणलं गेलं. त्यांनी पोटातली मुख्य नीला बांधून टाकली. पायांतलं रक्त हृदयाकडे परत नेणारी शीरच बंद. गुठळी वर जायचा रस्ता बंद झाला, माणूस जगला, पण त्यानंतर जन्मभर पायांतलं रक्त आडवाटांच्या लहान शिरांतून कसंबसं वर चढणार. उभं राहिलं, चाललं की पाय सुजणार. अशा रोग्याला मी काय सांगितलं असतं? पाय उंच ठेवून बसा, लांब चालू नका. गोल्फमध्ये तर चालण्यावाचून दुसरं असतंच काय!

59 दिवसांनी तो हॉस्पिटलमधून सुटला. जानेवारी 1950 मध्ये लॉस एंजेलिस ओपनला उतरला, सॅम स्नीडशी बरोबरी केली आणि प्लेऑफ हरला. जूनमध्ये मेरियनची यूएस ओपन. तेव्हा शेवटच्या दिवशी 36 होल खेळायचे, म्हणजे एका दिवसात दहा मैलांवर चाल. रोज सकाळी गरम पाण्यात शेक, मग जांघेपासून घोट्यापर्यंत लवचीक पट्ट्या. शेवटच्या फेरीत बाराव्या होलवर फटका मारताना तो जवळजवळ कोलमडला. होलमधला बॉल काढायला वाकणंही जमेना, ते काम कॅडीकडे.

अठराव्या होलवर पार हवा होता, म्हणजे त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांत बॉल आत. त्याने 1-आयर्न काढलं. आजच्या मुलांनी हा क्लब पाहिलेलाही नसतो. त्याचं तोंड जवळजवळ सरळ उभं, बॉल हवेत उचलणं महाकठीण. बॉल ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर गेला, तिथून दोन हलके फटके, पार. हाय पेस्किनने मागून घेतलेला तो फोटो तुम्ही पाहिला असेलच: पांढरी टोपी, स्विंग पूर्ण झालेला, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. पण त्या फटक्याने तो जिंकला नाही, फक्त बरोबरीत आला, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फॅझियो यांच्याबरोबर आणखी 18 होल चालायचे होते. होगन 69, मँग्रम 73, फॅझियो 75. मँग्रमने सोळाव्या होलवर बॉलवरचा किडा उडवायला बॉल उचलला, त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. आणि ते 1-आयर्न त्याच सुमारास चोरीला गेलं. ते 1983 मध्ये सापडलं.

आता माझा आक्षेप. 'अपघाताने होगन घडवला' असं जो तो लिहितो. गुरुजी, अपघात झाला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, त्याच्या खात्यावर तीन मेजर होत्या (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात), आदल्या 1948 मध्ये त्याने दहा स्पर्धा जिंकल्या होत्या, आणि अपघाताच्या तीनच आठवडे आधी 'टाइम'च्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र होतं. हुक बरा झालेला होता. घडायचं ते घडून गेलेलं होतं. अपघाताने त्याला कंजूष केलं, एवढंच. एकूण 64 विजयांपैकी बहुतेक सगळे आधीचे. नंतरचे डझनभराच्या आसपास. पण नऊ मेजरपैकी सहा नंतरच्या. पाय मोजकेच दिवस साथ देणार हे कळल्यावर त्याने ते दिवस निवडून खर्च केले. माझ्या रोग्यांत हे जमलेले फार थोडे. बहुतेक जण बरं वाटलं की पहिल्याच दिवशी तीन जिने चढतात.

तुम्ही होगनच्या 1953 च्या वर्षाला टायगर वुड्सच्या 2000 पेक्षा वर ठेवता. सहाच स्पर्धा खेळलेल्या माणसाला? हा पक्षपात नाही का?

आहे. तरी माझं ऐका. सहापैकी पाच जिंकल्या. त्यात मास्टर्स, ओकमाँटची यूएस ओपन आणि कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन. मास्टर्समध्ये 274, तोपर्यंतच्या विक्रमापेक्षा पाच फटके कमी. कार्नूस्टीला तो आयुष्यात एकदाच ओपन खेळला. स्कॉटलंडची ती समुद्राकाठची कडक जमीन त्याला नवी, तिथला बॉलही अमेरिकेतल्यापेक्षा लहान. दोन आठवडे आधी जाऊन त्याने दोन्ही समजून घेतले. बाकीच्यांसारखाच पात्रता फेऱ्याही खेळला. 73, 71, 70, 68. दर फेरीला कमी. विजेत्याला 500 पौंड. परतल्यावर न्यूयॉर्कने ब्रॉडवेवर कागदाच्या फितींचा पाऊस पाडून मिरवणूक काढली.

चौथी मेजर, पीजीए, त्याने का घेतली नाही, असंही तुम्ही विचारलंय. तारखा ब्रिटिश ओपनशी भिडत होत्या. शिवाय पीजीए तेव्हा एकास एक सामन्यांची होती, दिवसाला 36 होल, सलग कित्येक दिवस. त्याच्या पायांना ते झेपलं नसतं, म्हणून अपघातानंतर कित्येक वर्षं तो तिकडे फिरकलाच नाही. वुड्सने 2000 मध्येही तीन मेजर जिंकल्या, पुढच्या वर्षीची मास्टर्स धरली तर सलग चार. तो मोठा नाही असं मी म्हणतच नाही. फक्त त्याची शीर बांधलेली नव्हती.

होगनचा सर्वांत वाईट पराभव कोणता?

1955 ची यूएस ओपन, सॅन फ्रान्सिस्कोचा ऑलिम्पिक क्लब. पाचवी यूएस ओपन हातात आली, लोकांनी अभिनंदनही केलं. मागून जॅक फ्लेक नावाचा आयोवामधल्या सार्वजनिक कोर्सवरचा, कोणालाच ठाऊक नसलेला प्रो येत होता. त्याने अठराव्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करून बरोबरी साधली. फ्लेकच्या बॅगेत होगनच्याच कंपनीचे क्लब होते. दुसऱ्या दिवशी प्लेऑफ. शेवटच्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, होगन एका फटक्याने मागे होता. स्विंग करताना त्याचा पाय घसरला आणि बॉल डावीकडे वळून गुडघाभर गवतात गेला. हुक. कित्येक वर्षांपूर्वी घालवलेला. तिथून बाहेर पडायलाच तीन फटके लागले. फ्लेक 69, होगन 72.

त्या संध्याकाळचा एक फोटो आहे. फ्लेकने आपला पटर, म्हणजे ग्रीनवर वापरायचा क्लब, समोर धरलाय, आणि होगन डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्या तापलेल्या पटरला वारा घालतोय. दोघेही हसतायत.